अठ्ठावन्न अंश

ती गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि मी एका बर्गरच्या दुकानात तळणीच्या तेलाचं तापमान तपासत होतो. माझा धंदाच तो. वजनकाटे आणि थर्मामीटर तपासायचे, चुकत असतील तर दुरुस्त करायचे, बरोबर असतील तर तसा कागद द्यायचा. फोनवर मेहुणी होती. ती फक्त "भावजी…" म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, कळलं, येतो. मग मी हातातला कागद पूर्ण भरला, सही केली आणि निघालो. ती पाच मिनिटं मी का थांबलो, ते मला अजून सांगता येत नाही.

आमची पहिली भेटही बर्गरच्या दुकानातच झाली होती, दहा वर्षांपूर्वी.

शहरात तेव्हा बर्गरच्या दुकानांच्या तीन साखळ्या होत्या. लोक त्यांना पाटीच्या रंगावरून ओळखायचे — हिरवी, जांभळी आणि निळी. निळ्या दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी मला तातडीनं बोलावून घेतलं. एका साप्ताहिकात तिन्ही बर्गरची तुलना छापून आली होती आणि त्यांचा नंबर शेवटचा होता. कारण एकच, आतली पॅटी गार. अठ्ठावन्न अंश. साठाच्या खाली नापास. बाई पन्नाशीच्या होत्या, मनगटावर तव्याचे जुने डाग. म्हणाल्या, सतरा वर्षं इथं उभी आहे, गार बर्गर कधी दिला नाही. माझा तवा तपासा.

मी तपासला. तवा बरोबर होता.

काम झाल्यावर मी तिथंच खायला बसलो. शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, बर्गरचा वरचा पाव उचलला आणि पर्समधून थर्मामीटर काढून हळूच पॅटीत खुपसला. वरून कागदी रुमाल. चोरी करणाऱ्यालाही इतकं वाईट लपवता आलं नसतं.

"तुमचा थर्मामीटर खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"कसला थर्मामीटर?"

"रुमालाखालचा. त्याची दांडी वाकलीय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि तुम्ही कोण?"

"काटेवाला."

"मग काटे बघा की. माणसं कशाला बघताय?"

मी उठून तिच्या टेबलावर गेलो. काउंटरवरून ग्लासभर बर्फ आणि थोडं पाणी मागून आणलं. बर्फाच्या पाण्यात कुठलाही थर्मामीटर शून्य दाखवतो, नाही दाखवलं तर तो बिघडलेला. पण तीन मिनिटं ढवळत राहावं लागतं. ती म्हणाली, अनोळखी माणसाबरोबर मी एवढा वेळ बसत नाही. मी म्हटलं, मग ओळख करून घ्या… तीन मिनिटं पुष्कळ झाली. ती हसली. हसताना ती खालचा ओठ दातांत धरायची. मी ढवळत होतो आणि काट्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होतो.

मग तिचं हसू गेलं. काटा उणे पाचवर थांबला होता.

ती एका पाहणी करणाऱ्या कंपनीत होती. गिऱ्हाईक बनून जायचं, खायचं, मोजायचं, लिहायचं. साप्ताहिकातली तुलना तिचीच होती. सोमवारी हिरवं दुकान केलं, मंगळवारी जांभळं. बुधवारी सकाळी बसमध्ये चढताना पर्स हातातून सुटली, आणि दुपारी तिनं निळ्याचा बर्गर मोजला. आज ती कुणाच्या सांगण्यावरून आली नव्हती. त्या दिवशी तो बर्गर तोंडाला गार लागला नव्हता, तेच तिच्या मनात राहिलं होतं.

"म्हणजे त्रेसष्ट होता," ती म्हणाली. "हिरव्याचा एकसष्ट, जांभळ्याचा साठ. अहो, यांचा पहिला नंबर होता."

ती उभी राहिली. बाईंना आत्ताच सांगते, म्हणाली. मी तिला बसवलं. विचारलं, नोकरी पक्की आहे का? नव्हती, दोन महिने बाकी होते. मी म्हटलं, आज सांगितलंत तर घरी बसाल. दोन महिने थांबा, कायम व्हा, मग सांगा. एवढ्यात काय होणार आहे?

खरं कारण वेगळं होतं. बोलता बोलता तिनं सांगितलं होतं की ही नोकरी टिकली नाही तर दुसऱ्या गावी भावाकडे जावं लागेल. आणि मला ती पुन्हा भेटायला हवी होती.

निघताना बाईंनी मला दारात गाठलं. तवा बरोबर आहे ना, मग गार कसा निघाला? मी म्हटलं, लोकांचं काय, काहीही लिहितात. बाईंनी मान हलवली आणि माझे आभार मानले.

बाराव्या दिवशी त्यांना काढून टाकलं. मी कागद द्यायला गेलो तेव्हा गल्ल्यामागे दुसराच माणूस होता.

हे मी तिला लगेच सांगितलं नाही. आम्ही तेव्हा रोज भेटत होतो. कामासाठी तिला बर्गर खावेच लागायचे आणि मी सोबतीला जायचो. एकदा ती म्हणाली, पाव हिरव्यांचा चांगला, बटाटे जांभळ्यांचे, पॅटी निळ्यांची. तिघांनी लग्न करायला हवं.

"तिघांचं जमणार नाही," मी म्हटलं. "दोघांचं जमतं का बघू."

ती बराच वेळ बटाट्याचं एकच काप खात राहिली. मग म्हणाली, "काटेवाले… हे मोजून मापून बोलताय ना?"

"दोनदा तपासलंय."

ज्या दिवशी ती कायम झाली, त्याच दिवशी म्हणाली, चला, आता बाईंना सांगू. तेव्हा मला बोलावं लागलं. किती दिवसांपासून माहीत आहे, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, आता त्या तिथं नाहीत, सांगून उपयोग काय? ती भांडली नाही. लग्न झालं, संसार चांगला झाला, मला ती काटेवालेच म्हणत राहिली. पण वर्षभरात तिनं ती नोकरी सोडली. निळ्या पाटीखाली ती पुन्हा कधी गेली नाही. आणि मधूनच, भाजी निवडताना किंवा कपडे वाळत घालताना, विचारायची, त्या बाईंचं काय झालं असेल हो?

दवाखान्यात शेवटच्या महिन्यात तिनं दुसरं काही मागितलं नाही. त्यांना शोधा आणि सांगा, म्हणाली. माझ्या नावानं सांगा.

मी शोधलं. अवघड नव्हतं, दहा वर्षांत कधीही जमलं असतं. एका कार्यालयाच्या खानावळीत त्या वाढायला उभ्या असतात. केस पांढरे झालेत. मी रांगेत ताट घेऊन उभा राहिलो. त्यांनी मला ओळखलं नाही. अजून थोडं वाढू का, एवढं विचारलं. मी नको म्हटलं, जेवलो आणि परत आलो.

ती उशीला टेकून वाट बघत बसली होती.

"भेटल्या?"

"भेटल्या. सांगितलं सगळं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, होतं असं. मनात ठेवू नका."

तिनं डोळे मिटले. माझा हात धरला होता, तो सोडला नाही. त्या दुपारी ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली. चौथ्या दिवशी फोन आला.

आता माफी तिच्या नावानं मागायची नाहीच, माझ्या नावानं मागायची. तिला त्या दिवशीच सांगायचं होतं, मी बसवलं. दारात बाईंनी विचारलं, तेव्हा उत्तर माझ्याकडे होतं. बाईंना अजूनही वाटत असेल की आपल्याच हातून काहीतरी चुकलं.

ती खानावळ माझ्या घरापासून आठ थांब्यांवर आहे. मी आतापर्यंत सहा वेळा गेलो, सहाही वेळा जेवलो. तुमचा तवा बरोबर होता, थर्मामीटर वाकलेला होता, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं, एवढंच बोलायचं आहे. ते मी अजून बोललेलो नाही.