पंचवीसवर अडकलेला आकडा

सकाळी सातला शीतगृहातून फोन आला. माल उचलणाऱ्या एका गाडीच्या लिथियम बॅटरीने चार्जिंग खोलीत पेट घेतला होता आणि चालक भाजून दवाखान्यात होता. तपासनीस बाई तशाच निघाल्या. अशी बॅटरी विझली म्हणून विझत नाही, हे त्यांनी पूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं.

खोलीच्या भिंती काळ्या पडल्या होत्या. मॅनेजरने सगळं खापर इलेक्ट्रिशियनवर फोडलं होतं; संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी जाणार, हे ठरल्यात जमा होतं. तो बिचारा एकच गोष्ट घोकत होता. गार बॅटरी चार्जर घेतच नाही, लाल दिवा लावतो. दोन तास बाहेर ठेवून ती उबेला आली, की मगच चार्जिंग सुरू होतं. शून्याखाली चार्ज केली, तर आत धातूचा थर साचतो आणि एक दिवस तो तिला आतूनच पेटवतो.

तक्रारवहीत लाल दिव्याबद्दल फोरमनची तक्रार रोज होती. तीन आठवड्यांपूर्वी ती एकाएकी थांबली होती.

तेवढ्यात उणे वीसच्या कोठीतून दुसरी गाडी बाहेर आली. बॅटरीवर बर्फ साचलेला, पडद्यावर तापमानाचा आकडा मात्र पंचवीस. बाई घाबरून दोन पावलं मागे सरल्या.

फोरमन हा भाजलेल्या चालकाचा थोरला भाऊ. रडून त्याचे डोळे सुजले होते.

"जळालेली गाडी कोठीतून कधी आली?"

"पहाटे सहाला."

"चार्जिंगला कधी लावली?"

"लगेच. आणली की लावायची."

"लाल दिवा लागला?"

"नाही."

"नवल नाही वाटलं?"

बाईंनी मॅनेजर आणि इलेक्ट्रिशियनला आत बोलावलं.

"तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी कुणीतरी साधा रेझिस्टर जोडलाय," त्या फोरमनकडे वळून म्हणाल्या. "बॅटरी गोठली तरी आकडा पंचवीसच, मग चार्जर फसणारच. इलेक्ट्रिशियनने हे गुपचूप केलं असतं, तर रोज कुरकुरणारा माणूस दिवा कसा गेला म्हणून विचारायला आला असता. त्याने तुमच्या सांगण्यावरून केलं असतं, तर नोकरीवर गदा आल्यावर त्याने तुमचं नाव घेतलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हीच केलंत."

फोरमनने मान खाली घातली.

"पाळी संपली तरी बॅटरी उबेला येईपर्यंत चालकाला दोन तास ताटकळायला लागायचं. धाकट्याचं बाळ महिन्याचं आहे. म्हटलं, लवकर घरी जाईल."

"किती गाड्यांना केलंय?"

"सहाही."

चार गाड्या अजून कोठीत होत्या, माणसांसकट. बाईंनी गाड्या जागच्या जागी सोडायला लावून सगळ्यांना बाहेर पिटाळलं. दाराशी फोरमन एकेक डोकं मोजत होता. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत कुणाच्या जिवात जीव नव्हता.

"धाकट्याला कळू देऊ नका," फोरमन हळूच म्हणाला.

"त्याला माहीत होतं. आत्ताच दवाखान्यातून फोन आला. त्याने जबाब दिलाय, की गाडीत छेडछाड मीच केली, दादाला काही विचारू नका."

फोरमन तिथेच जमिनीवर बसला.