ओ, बाबा

दुपारचे तीन चाळीस. दुसरीच्या वर्गात गणित चालू होतं. तिसऱ्या बाकावरची मुलगी एकदम उठली, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "ओ, बाबा."

दारात कुणीच नव्हतं.

ही घडलेली गोष्ट आहे. मुलीच्या आत्याने सांगितली, वर्गाच्या बाईंनी तारखांसकट दुजोरा दिला. पटलंच पाहिजे असा आग्रह नाही.

मुलीचे वडील गाईड. शहराबाहेर आठशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्याचे अवशेष आहेत. छप्पर उरलंय फक्त एका दालनावर. आत चौसष्ट खांब, सगळे कोरीव. या माणसाला एकेका खांबाचा इतिहास पाठ. सनावळीत एका वर्षाचीही चूक खपवून घ्यायचा नाही.

त्या दुपारी मात्र त्याच्यासमोरचे लोक जांभया देत होते.

एक बाई म्हणाल्या, "सन राहू द्या हो. एखादी गोष्ट सांगा ना इथली."

गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. त्याने उभ्या उभ्या रचली.

शिल्पकाराची छोटी मुलगी. बापाचा डबा घेऊन आली, खांबांमागे लपाछपी खेळायला लागली... ती पुन्हा दिसलीच नाही. बाप हाका मारत राहिला.

"नाव काय होतं तिचं?" कुणीतरी विचारलं.

तोंडाला आलं ते घरातलंच नाव. पिटू. त्याच्या लेकीचं लाडाचं नाव.

दालन छान घुमायचं. त्याने तोंडाभोवती हात धरले.

"पिटूऽऽ!"

"...पिटू... टू..."

टाळ्या पडल्या. मग रोजच. शेवटच्या फेरीला, तीन चाळीसला.

आठव्या दिवशी दालनाने नाव परत दिलं नाही.

हाक गेली. शांतता. मग खांबांच्या मागून... अगदी जवळून...

"ओ, बाबा."

लोक खूश. "काय घुमतं हो!"

घुमट असो की भिंत, दिलेला शब्दच परत करते. हे त्याच्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी शाळेतून बाईंचा फोन आला. "आठवडा झाला. रोज त्याच वेळेला उठते आणि ओ देते. घरी फार ओरडता का तिला?"

त्याने गोष्ट बंद केली.

पण जोडीचा एक गाईड होता. त्याला सगळे पोपट म्हणत, कारण कानावर पडलं की पाठ. तो म्हणाला, "चालती गोष्ट आहे रे. तुला नको तर नको, माझ्या पोटावर का पाय देतोस?"

पोपट प्रत्येक फेरीला गोष्ट सांगत राहिला. ती इतकी पसरली की पुढे पोपटही लागेना. लोक आपणहून यायचे, हाक मारायचे, हसायचे. दिवसभर.

लेक दिवसभर ओ द्यायची. वर्गात. जेवताना, तोंडात घास असताना. पाचला दालन बंद झालं की थांबायची. सोमवारी तिथे सुट्टी असते. सोमवारी ती नीट खेळायची.

घसा बसला. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाले, "बोलणं कमी करा."

आईने तिला जवळ घेतलं. "नको ना गं देऊ ओ."

"बाबा बोलावतात."

"बाबा हे काय, इथेच बसलेत."

तिने बाबांकडे पाहिलं. मग दाराकडे.

"हे नाही."

दुसऱ्या दिवशी तो दालनात शंभरेक लोकांसमोर उभा राहिला. "ही गोष्ट खोटी आहे. मी रचली. नाव माझ्या मुलीचं आहे. हात जोडतो, हाक मारू नका."

लोक हसले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला.

एक म्हातारी तेवढी हसली नाही. "खोटी कशी? माझ्या आजीने सांगितलीय मला. हीच पोर, हेच नाव. तुम्ही शेवट सांगत नाही, एवढंच."

शेवट काय, हे त्याने विचारलं नाही. ते अजून त्याच्या मनाला डाचतं.

बारा दिवसांपूर्वी लेक ओ द्यायची थांबली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं... अर्धा दिवस. मग लक्षात आलं, ती काहीच बोलत नाहीये. ओठ हलतात, आवाज नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही.

दालनात मात्र ओ येते. पहिल्यापेक्षा स्पष्ट. घसा बसलेला नाही.

आत्ता हाती असलेली शेवटची गोष्ट गेल्या सोमवारची. दालनाला कुलूप होतं. पहारेकऱ्याच्या वहीत लिहिलंय: 'दुपारी ३.४०. आतून लहान मुलीचा आवाज. "बाबा" अशा तीन हाका. कुलूप काढून पाहिलं. आत कोणी नाही.'

त्या वेळी गाईड घरी होता. लेक त्याच्या मांडीवर झोपली होती, ओठ मिटलेले. आत्या समोर भाजी निवडत बसली होती.

तो दाराकडे बघून म्हणाला, "ओ."

थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

आत्याचा हात थांबला. "कुणाला ओ देतोस रे?"

"मी?" तो म्हणाला. "मी कुठे काय बोललो?"