वाकडा ल

ऋतुजा फ्लेक्सच्या दुकानात शिरली ती भांडायलाच.

"त्या पाटीवरचं अक्षर कुणाचं हाय?" तिनं समोरच्या कोचिंग क्लासकडं बोट केलं. याच क्लासमध्ये ती परवापासून बायोलॉजी शिकवत होती.

कॉम्प्युटरमागून एक मान वर आली. डोळे असे, की माणूस भांडण क्षणभर… पण ती विसरली नाही.

"माझंच. मीच फाँट बनवला," मन्मथ हसला. "जुन्या धाटणीचा. आवडला?"

"आवडला? माझ्या बापाचं अक्षर हाय ते!"

उमरीच्या वैजनाथ पेंटरांचं, म्हणजे ऋतुजाच्या दादांचं, अक्षर कुणीही लांबून ओळखावं. प्रत्येक अक्षराच्या पायात जोडे, डोक्यावर वेलबुट्टी, मागं लाल सावली. अर्ध्या मराठवाड्याची दुकानं त्यांनी रंगवली. खाली सही मात्र कधी केली नाही. अक्षरच माझी सही, म्हणायचे. आणि आता तेच अक्षर लातूरभर मिरवत होतं, ना विचारणं ना नाव!

"चोरलं ते चोरलं, वर ल वाकडा केला! पाटीपाटीवर 'लातूर', अन् प्रत्येक ल लंगडा. दादांचा हात जरा कापतो, तर लोक म्हणून राहिले, वैजनाथचा हात गेला. दादांनी ब्रश माळ्यावर टाकला. बेइज्जती करून राहिलात तुम्ही त्यांची!"

मन्मथचं हसू मावळलं. त्यानं भिंतीवरची एक जुनी पत्र्याची पाटी काढून तिच्यापुढं धरली. 'मलप्पा किराणा दुकान', दादांच्याच अक्षरात. त्यातला ल खोल चेपलेला.

"माझ्या वडलांचं दुकान, किल्लारीकडं. भूकंप झाला तेव्हा आठ वर्षांचा होतो, ओट्यावर झोपलेलो. ही पाटी माझ्यावर तिरपी पडली… अन् भिंतीचा दगड हिच्यावर. इथं." त्यानं ल वर बोट ठेवलं. "खाली माझं डोकं होतं. बाकी अक्षरं गावोगावच्या पाट्यांवरून जमवली. ल सरळ करायला हात धजला न्हाई."

ऋतुजाला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

"मग हे दादांना येऊन सांगायचं कुणी?"

रविवारी तो पाटी घेऊन उमरीला गेला. वैजनाथ पेंटरांनी कापऱ्या बोटानं तो पोचा किती वेळ चाचपला. "राहू दे असाच," म्हणाले, आणि लेकीला माळ्यावरचा ब्रश काढायला लावला.

फाँटला 'वैजनाथ' नाव मिळालं. तरी ऋतुजा दर गुरुवारी क्लास सुटला की दुकानात येई. भांडायला, अर्थात.

"अजून वाकडाच हाय ल," ती एका गुरुवारी म्हणाली.

"सरळ केला तर तुम्ही यायच्या बंद व्हाल…"

"काहीतरीच! लातूरभर असू द्या वाकडा. पण आपल्या लग्नपत्रिकेत मला सरळच पाहिजे, सांगून ठेवते!"

माउसवरचा हात थांबला. ऋतुजाचे कान तापले.

"कुणाच्या… पत्रिकेत?" मन्मथनं हळूच विचारलं.

"ऐकू येत न्हाई का?" ती कडाडली. "आपल्या!"