आवाजातले खड्डे

"माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली," म्हातारे ग्रंथपाल म्हणाले. "आता कुणीतरी तिचा खून करतंय."

भाऊजींच्या हातातला कप बशीवर आपटला. वहिनींनी मात्र शांतपणे वही उघडली. खासगी तपासाचा धंदा वहिनींचा. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर, सोबत म्हणून यायचे आणि दर प्रकरणात चुकीच्या माणसाला पकडून मोकळे व्हायचे.

हकिकत अशी होती. ग्रंथपालांच्या पत्नीने अंध मुलांच्या शाळेसाठी दोनशे चाळीस गोष्टी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या. गोष्टी शाळेला द्यायच्या आधीच पत्नी गेल्या, आणि ग्रंथपालांना तो आवाज हातचा सोडवेना. ऐकायची हिंमतही झाली नाही. गेल्या महिन्यात धीर करून एक गोष्ट लावली, तर मिनिटामिनिटाला 'ठक्' आवाज आणि मधलाच शब्द तुटलेला. सगळ्या गोष्टींची तीच गत. फायलींवरच्या तारखा मात्र जुन्याच.

"तारखासुद्धा बदलू दिल्या नाहीत त्यानं. जावईच तो! माझी खोली हवी आहे त्याला. मुलीशीही बोलणं टाकलंय मी."

"जावईच," भाऊजी म्हणाले.

ग्रंथपालांच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. कॉम्प्युटरशेजारी दोन डिस्का उभ्या होत्या, पुस्तकांसारखे क्रमांक चिकटवलेल्या.

"दोन कशाला?" वहिनींनी विचारलं.

"चाळीस वर्षं पुस्तकं सांभाळली, बाई. पुस्तक एकाच फळीवर पडून राहिलं की कसर लागते. म्हणून दर रविवारी सगळ्या गोष्टी या डिस्कवरून त्या डिस्कवर नेतो, प्रोग्रामनं ताडून बघतो आणि पहिली पुसून कोरी करतो. पुढच्या रविवारी उलट. एक पुस्तक दोन कपाटांत ठेवलं की घोळ होतो."

"ताडताना चूक निघाली कधी?"

"एकदाही नाही. पूर्वी ताडायला तासभर जायचा. दुरुस्तीवाल्यानं मेमरी वाढवली, तेव्हापासून पापणी लवते न लवते तोच सगळं बरोबर म्हणून येतं."

दुरुस्तीवाला दुकानात बसला होता. विचारताच उखडला. "दोन्ही डिस्का मी तपासल्यात, एकही जागा खराब नाही. मेमरीची पट्टी? दोन वर्षांपूर्वी घातली. वापरलेली होती, पण मशीन एकदा तरी बंद पडलं का? विचारा त्यांना!"

जावयाने आपल्या घराच्या दारातच हात जोडले. "मला त्या खोलीत पाऊलही टाकू देत नाहीत हो. उगाच माझ्यावर बालंट."

आतून मुलगी आली. आईने एक गोष्ट तिच्या फोनवर पाठवली होती. तिने ती लावली. आवाज स्वच्छ, कुठे ओरखडासुद्धा नाही. मुलगी भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

वहिनींनी ती गोष्ट आणि डिस्कवरची तीच गोष्ट शेजारी शेजारी ठेवून ताडली. तेहतीस ठिकाणी फरक. कॉम्प्युटर सगळं शून्य-एकाच्या खुणांत, आठ-आठच्या गटांनी लिहितो; दर ठिकाणी फरक फक्त एका खुणेचा, शून्याच्या जागी एक, आणि दर वेळी आठांतली तिसरीच खूण.

"जावई भलताच शिस्तीचा दिसतो," भाऊजी म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुलीला आणि जावयाला घेऊन ग्रंथपालांचं घर गाठलं. सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलंही नाही.

"खोडसाळ माणूस फाईल पुसेल, नाहीतर पार बिघडवेल," वहिनी म्हणाल्या. "दोनशे चाळीस गोष्टींत नेमकी तिसरी खूण निवडत बसणार नाही. हे यंत्राचं काम. डिस्का धडधाकट आहेत. मग गोष्टी दर वेळी जातात कुठून? मेमरीतून. सकाळी ती पट्टी काढून तपासली. तिचा तिसरा खाना अधूनमधून शून्याचा एक करतो."

"पण ताडणी?" ग्रंथपाल पुटपुटले. "ती बरोबर यायची."

"पापणी लवते तोवर एवढ्या गोष्टी डिस्कवरून वाचून होतात का, काका? मेमरी वाढल्यावर सगळ्या गोष्टी तिच्यातच मावायला लागल्या, म्हणून तो प्रोग्राम डिस्क वाचतच नव्हता. मेमरीत पडलेली बिघडलेली प्रत तिच्याशीच ताडत होता. आणि नुसत्या नकलेत तारीख जुनीच राहते. तारखा कुणी मुद्दाम जपल्या नव्हत्या. कुणी हातच लावला नव्हता."

"नक्कल तर मी..." ग्रंथपाल थांबले.

वहिनींनी वही मिटली. "दोन वर्षं. शंभरावर रविवार. दर रविवारी थोडी थोडी. आणि त्याआधीची चांगली प्रत..."

"मी पुसली."

"हो."

"काही करता येईल?"

"ठकठक दाबता येईल. त्याखालचे शब्द परत येणार नाहीत."

मुलीने फोन पुढे केला. "बाबा, ही एक तर आहे ना. तुम्ही ठेवा."

ग्रंथपालांनी चटका बसावा तसे हात मागे घेतले. "माझ्या हातात नको देऊस. तुझ्याकडेच राहू दे."

मग ते जावयाकडे वळले. माफी मागतील असं भाऊजींना वाटलं.

"तू केलं असतंस तर बरं झालं असतं रे," ते म्हणाले. "तुला शिव्या तरी घातल्या असत्या."

जावई त्यांच्यासमोर खाली बसला. "घाला, बाबा," तो म्हणाला.