बेटावरची बिनफेसाची बिअर

"खानदेशच्या उद्योगविश्वावर घाला पडला आहे!" भूपेंद्र दारातच गरजला. "तापीमाईच्या बेटावर जगाला हेवा वाटावा असा कारखाना उभा राहतोय, आणि एका नराधमानं त्याच्या मुळावरच... संडास कुठे आहे?"

प्रमिलाबाईंनी बोट दाखवलं.

शहाद्यातलं त्यांचं गुप्त चौकशी कार्यालय मुख्यतः लग्नाळू मुलांच्या पगाराची शहानिशा करत असे. मदतनीस म्हणून भाचा भटू होता. पस्तीस वर्षांच्या या गृहस्थाचं नाक तीक्ष्ण होतं. बाकी ऐवज बोथट.

परत आलेल्या भूपेंद्रनं हकिकत सांगितली. बेटावर ज्वारीच्या बिअरचा छोटा कारखाना, रीतसर परवाना, पहिलीच टाकी. रविवारी चाखण्याचा सोहळा झाला. सोयरे आणि शहरातला एक हॉटेलवाला, सगळे 'वा, वा' म्हणाले. बिअर कडू असते हे त्यांना ठाऊक होतं. ती कशी नसते, हे ठाऊक नव्हतं. दोन-तीन तासांत सगळे पोट धरून केळीच्या बागेत पांगले.

"मजूरही प्याले. त्यांना काही झालं नाही. त्यांना वाढणारा कोण, तर जामसिंग. टाकी राखणारा आणि होडी हाकणाराही तोच. वर म्हणाला, आमची मोहाचीच बरी! संध्याकाळी पोलीस बोलावतोय. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"आधी पाहू तर," प्रमिलाबाई म्हणाल्या.

होडी जामसिंगच हाकत होता. सातपुड्यातला पावरा आदिवासी गडी, आश्रमशाळेतली जपून वापरलेली मराठी.

"बाई, मी बी प्यालो. विष घातलं असतं तर प्यालो असतो का?"

"कुठनं घेतलीस?"

"खालच्या नळातनं. पाहुण्यांना मान म्हणून साहेबांनी झाकण उघडून वरूनच तांब्यानं काढली. आम्हाला कुठला तांब्या!" त्यानं वल्हं थांबवलं. "मला नेतील, बाई. घरी पोरी लहान हायेत."

भटूला हे खोटं रडगाणं वाटलं. तसं त्यानं मावशीला डोळ्यांनी कळवलंही. मावशी पाणी बघत होत्या.

"टाकीनं कधी त्रास दिला होता?"

"माल टाकला त्याच आठवड्यात. फेस नळीतनं बाहेर यायला लागला. मी घाबरून साहेबांना आणायला गेलो. आलो तर फेस बसलेला. साहेब म्हणाले, आपोआप बसतो."

"तेव्हा बेटावर कोण होतं?"

"साहेबांचे आबा. पण ते टाकीकडं बघत बी नाहीत."

टाकीचं झाकण उघडलं आणि भटूनं तोंड फिरवलं. ओलं पोतं, आंबलेली पेज आणि दवाखान्यातली मोरी एकत्र नांदत होती. प्रमिलाबाईंनी तांब्यानं वरची बिअर काढून पुन्हा ओतली. धार पडेना. शेंबडासारखी तार लोंबली. फेस मात्र नावाला नाही.

"भटू, रुमाल."

"मावशी, नको ना!"

रुमालाचं एक टोक वरच्या बिअरमध्ये बुडालं, दुसरं खालच्या नळाच्या बिअरमध्ये. मग तो उन्हात वाळत पडला. त्याला पुन्हा खिशात ठेवायचं नाही, असं भटूनं मनाशी पक्कं केलं.

भूपेंद्रची बायको मोहिनी शेडमागे भांडी घासत होती.

"मला हा धंदा पसंत नाही, ताई. पण मला बिघडवायचा असता तर भर दिवसा नदीत ओतला असता. चोर पकडायचाच असेल तर माझ्या भेंडीचा पकडा. झाडं मुळासकट उपटली मेल्यानं, आणि भेंड्या जागच्या जागी टाकून गेला!"

"कधी?"

"ती टाकी भरली त्याच आठवड्यात."

वेडा चोर, भटूला वाटलं.

भूपेंद्रचे वडील सुकलालआबा उपड्या काहिलीवर बसले होते. उभी हयात गुऱ्हाळ चालवलेला माणूस. ऊस गेला, केळी आली, काहील बसायला उरली. गळ्यात तुळशीची कंठी. दारूचं नाव काढताच थुंकले.

"मी त्या घानले हात बी लावस नही."

"तब्येत बरी?"

"मन्हा गुडघा दुखी ऱ्हायनात. चोळाले एरंडेल नही. बाटली सरनी. आंडोरले, भूपेंद्रले, सांगं, तर तो त्या टाकीमाच बुडेल शे."

प्रमिलाबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. वाळलेला रुमाल उजेडात धरला. एका टोकाला भज्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग होता. दुसरं टोक फक्त मळलेलं.

"वरच्या बिअरमध्ये तेल आहे, खालच्यात नाही. तेल तरंगतं. म्हणून तांब्यानं प्यालेले केळीत गेले आणि नळानं प्यालेले कामावर. ह्यात जामसिंगचा काय दोष? दोष मानाचा."

"पण तेल घातलं कोणी?" भूपेंद्र म्हणाला.

"तेल पोट झाडणारं, म्हणजे एरंडेल. तार सुटते, म्हणजे चिकट रस. भेंडीची झाडं गेली, भेंड्या राहिल्या. कारण चोराला भाजी करायची नव्हती, खोड हवं होतं. उसाचा रस कढताना मळी वर आणायला ठेचलेल्या भेंडीच्या खोडाचा रस घालतात. रस उतू जायला लागला की एरंडेलाचे थेंब सोडतात. फेस बसतो. ही रीत गुऱ्हाळवाल्याची."

सगळे काहिलीकडे बघत होते. आबा जमिनीकडे.

"माल उतू जाई ऱ्हायना व्हता," आबा हळूच म्हणाले. "उघड्या डोयानी देखत बसू का? थेंबभर टाकं, फेस बसेना. खाले जाळ कोठे शे, ते बी दिसेना. मंग अख्खी बाटली वती दिन्ही."

"आबा!" भूपेंद्र ओरडला. "ते उकळत नव्हतं, आंबत होतं! मग बोलला का नाहीत?"

"कंठीवाला बाप दारूनी टाकी सांभाळस, गाव काय म्हनी?" आबांनी जामसिंगकडे पाहिलं. "तुन्हावर आळ उना तवय तरी बोलनं पाहिजे व्हतं. चुकनं मन्हं."

भूपेंद्रचा चेहरा टाकीतल्या मालासारखा झाला होता. टाकी तिथल्या तिथे काठावर रिकामी करण्यात आली. चिखलानं बिअर अनिच्छेनं स्वीकारली. दर्प असा सुटला की बगळ्यांनीही जागा बदलली.

परतताना सगळे होडीत बसले. भूपेंद्रनं घसा खाकरला, हात जोडले.

"जामसिंग, मी तुझ्यावर, तुझ्या इमानावर, एका भूमिपुत्राच्या अस्मितेवर जो अन्याय—"

"साहेब," जामसिंग वल्हं टेकवत म्हणाला, "ते मागनं बोला. होडी गाळात बसली. जरा खाली उतरून ढकलता का?"