नाचरं मशीन

"ओढ! अगं, जोर लावून ओढ! आणि टिल्ल्या, तू ढकलतोयस की नुसता टेकून उभा आहेस?"

"टेकून ढकलतोय!" मशीनमागून आवाज आला.

भिंगरीनं दातओठ खाऊन आणखी एक हिसका दिला. कर्रर्र करत वॉशिंग मशीन अडगळीच्या खोलीतून बाहेर आलं आणि त्याच्यामागून एक मोडकी छत्री, एक संतापलेला कोळी आणि धुळीनं पांढराफटक झालेला टिल्लू असे तिघे बाहेर पडले.

भिंगरी बारा वर्षांची. तिला जन्मापासून एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ती भिंगरी. टिल्लू तिचा धाकटा भाऊ. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका! आणि ओढाओढीत तिसरी होती ठिणगी, भिंगरीची वर्गमैत्रीण. तिच्या आईचं कोपऱ्यावर पंप, मिक्सर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यामुळे ठिणगीच्या दप्तरात कंपासपेटी एकवेळ नसेल, पण स्क्रूड्रायव्हर असायचाच.

"काय देखणं आहे गं हे!" दाराची काच फडक्यानं पुसत ठिणगी म्हणाली.

देखणं होतंच. आकाशी रंग, समोर जहाजाच्या खिडकीसारखं गोल दार आणि वर दोन गलेलठ्ठ बटणं. आजीनं ते घेतलं, तेव्हा बाबांना मिसरूडही फुटलं नव्हतं. आता आजी नव्हती आणि मशीन कित्येक वर्षं अडगळीत पडून होतं. या सुट्टीत ते चालू करायचंच, असा तिघांनी पण केला होता. घाई अशासाठी, की काकांनी रविवारी भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं. त्यांना ती खोली व्यायामाच्या सायकलसाठी हवी होती. आणल्यापासून त्या सायकलवर फक्त टॉवेल वाळत होते, ही गोष्ट वेगळी!

तेवढ्यात आत्या कामावरून आली. मशीन दिसताच ती दारातच थबकली.

"हे कशाला बाहेर काढलंत?"

"दुरुस्त करणार! मग तुला चादरी हातानं धुवायला नकोत!" भिंगरी उड्या मारत म्हणाली.

"मला नको बाई. आणि मी घरात असताना ते सुरू करू नका." असं म्हणून आत्या मशीनपासून चांगलं हातभर अंतर राखत, अक्षरशः भिंतीला घासत आत निघून गेली.

"आत्या मशीनला घाबरते?" टिल्लूनं विचारलं.

"गप रे! मोठी माणसं कुठं मशीनला घाबरतात?" भिंगरी म्हणाली. पण तिलाही ते जरा विचित्रच वाटलं.

उलगडा झाला तो संध्याकाळी, जेवताना.

"दुरुस्त करा हो खुशाल," बाबा मिश्किलपणे म्हणाले. "फक्त तुमच्या आत्याला हात लावू देऊ नका!"

"नाहीतर पुन्हा नाचेल!" काकांनी री ओढली. "काय ते तांडव! आपल्या बाईसाहेबांचा हात लागला, की भलंभलं यंत्र वेडं होतं!"

दोघे भाऊ पोट धरून हसले. आत्याही हसली. पण हसून झाल्यावर तिनं पाण्याचा पेला उगाचच उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ते फक्त भिंगरीनं पाहिलं. तिला एकदम बाबांचा राग आला.

जेवणं झाल्यावर आत्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. भिंगरी तिच्याजवळ जाऊन बसली. हो, बसली! यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल.

"आत्या, नेमकं काय झालं होतं गं?"

"काही नाही गं. जुनी गोष्ट." आत्यानं उशीचा अभ्रा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "आम्ही नुकतेच या घरात राहायला आलो होतो. मी तुझ्याएवढीच होते. आई सामान लावून लावून दमली होती. म्हटलं, तेवढीच तिला मदत. प्रवासात मळलेल्या चादरी मशीनमध्ये घातल्या आणि बटण फिरवलं. धुऊन छान झाल्या. पण पिळायची वेळ आली आणि मशीन जे थरथरायला लागलं! धाड धाड नाचत पार दारापर्यंत आलं बघ. नळी तुटली, घरभर पाणी! खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला वर आले. आई रडायलाच लागली. सगळे म्हणाले, एवढ्या चादरी कोंबतात का? खरं सांगते, मी कोंबल्या नव्हत्या. पण माझं ऐकतंय कोण!"

"मग कुणी मेकॅनिकला नाही बोलावलं?"

"त्या भांडणानंतर मशीनचं नाव काढायची सोय नव्हती. ढकललं अडगळीत. आणि घरात काहीही मोडलं की माझ्या नावानं हसायची सवय लागली सगळ्यांना." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "खरंही असेल ते. आमच्या शिवणकारखान्यात विजेवरची नवी मशीनं आलीत. तो विभाग तुम्ही सांभाळा, असं मोठ्या बाई म्हणतायत. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. मी नाही म्हणणार आहे. माझी हातशिलाई बरी. तिथं काही मोडलं, तर काय तोंड दाखवू?"

भिंगरी ताडकन उठून उभी राहिली. तिच्याएवढ्याच एका मुलीच्या डोक्यावर खापर फुटलं होतं आणि ती मुलगी ते अजून वागवत होती!

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बाकी दोघांना सगळं सांगितलं. "आता नुसती दुरुस्ती नाही. तपास! मशीन का नाचलं, हे सोमवारच्या आत शोधायचं."

"आणि आत्याचीच चूक निघाली तर?" टिल्लूनं विचारलं.

"तर तसं सांगू," भिंगरी म्हणाली खरी, पण टिल्लूकडे न बघताच.

कामाला सुरुवात झाली. साबणाचे थर गरम पाण्यानं खरवडून निघाले. पत्र्यावरचा गंज पॉलिश पेपरनं घासता घासता तिघांचे हात विटकरी झाले. दाराचं रबर चिरलं होतं. ठिणगीनं दुकानातून जुन्या मशीनचं चांगलं रबर आणि तुटलेल्या नळीऐवजी एक धड नळी शोधून आणली. तिच्या आईनं येऊन कुजलेली वायर बदलली, मोटार तपासली आणि दम भरला, "मी समोर असल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही! कळलं?"

"पण काकू, मोटार बिघडली होती का?" भिंगरीनं विचारलं.

"मोटार ठणठणीत आहे." एवढं सांगून त्या लगबगीनं दुकानाकडे पळाल्या. तिकडे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

मोटार ठीक, पट्टा ठीक. मग बिनसलं कुठं? टिल्लूनं आत हात घालून कपड्यांची जाळीदार टोपली फिरवली. तीही गरगर फिरली.

"थांबा!" ठिणगी एकदम ओरडली. तिनं टोपलीच्या कडेला धरून सगळं धूड जोरात हलवलं. "अगं, हे हलत का नाही?"

"फिरतंय की!"

"फिरणं वेगळं! टोपली एका मोठ्या पिंपात बसवलेली असते ना, ते पिंप स्प्रिंगांना टांगलेलं असतं. धक्का दिला की डुलायला पाहिजे. हे तर दगडासारखं घट्ट आहे!"

तिघं धावतच दुकानात गेली. मागच्या अंगणात सुट्या भागांसाठी ठेवलेलं एक मशीन होतं. ठिणगीनं त्याच्या टोपलीला ढकललं. ती पाळण्यासारखी डुलली! भिंगरी मशीनच्या मागच्या बाजूला गेली. पाठीवर तीन भोकं होती आणि त्यांवर टोपणं बसवलेली होती.

आल्या पावली तिघं परत! घरच्या मशीनच्या पाठीवरची जळमटं भिंगरीनं हातानंच ओरबाडून काढली. तिथंही बरोब्बर तीन भोकं होती. पण टोपणं नव्हती. प्रत्येक भोकात एक लांबलचक बोल्ट शिरला होता, थेट पिंपापर्यंत, पक्का आवळलेला!

"पिंप जखडून ठेवलंय!" ठिणगीचे डोळे चमकले. "म्हणून पिळताना सगळा हिसका मशीनला बसला आणि ते नाचलं! चादरी दोन असोत नाहीतर दहा!"

"पण असे बोल्ट लावेल कशाला कुणी?" टिल्लूनं विचारलं.

भिंगरीनं क्षणभर विचार केला आणि टाळी वाजवली. "घर बदलताना! गाडीत पिंप आपटू नये म्हणून! आणि नंतर काढायला विसरले! पण कोण? टिल्ल्या, आता तुझी शंका कामाला येणार. चल!"

काका सोफ्यावर पेपर वाचत होते. टिल्लू निरागस चेहऱ्यानं जवळ सरकला.

"काका, एवढं जड मशीन तुम्ही जुन्या घरातून कसं हो आणलंत? मी असतो तर आपटलं असतं!"

पेपर लगेच खाली आला. "अरे, त्याला डोकं लागतं! मी स्वतः मागून तीन बोल्ट आवळले. आतलं काही म्हणून हललं नाही!"

"बापरे, केवढी हुशारी! आणि इथं आल्यावर?"

"इथं तुझ्या बाबानं लावलं. माझं काम चोख होतं!"

बाबा बाल्कनीत चहा पीत होते.

"बाबा, इथं आल्यावर मशीन तुम्ही एकट्यानं लावलंत? काकांनी मदत नाही केली?" भिंगरीनं डोळे मोठे करून विचारलं.

"एकट्यानं! नळी जोडली, प्लग लावला, भिंतीला टेकवून ठेवलं. पाच मिनिटांत काम फत्ते!"

"आणि बोल्ट?"

"कोणते बोल्ट?" बाबांनी विचारलं.

भिंगरीला आनंदानं किंचाळावंसं वाटलं. पण तिनं जीभ चावली. हे सगळ्यांसमोर झालं पाहिजे!

रविवारी सकाळी मशीन मोरीजवळ उभं होतं, पाठ सगळ्यांकडे करून. ठिणगीची आई आली होती. आत्याला टिल्लूनं अक्षरशः ओढत आणलं होतं आणि ती दाराची चौकट धरून उभी होती.

"दुरुस्त झालं म्हणता आणि उलटं काय ठेवलंय?" काका म्हणाले. "भंगारवाला येईल आता."

"काका, तुम्ही आवळलेले बोल्ट हेच का?" भिंगरीनं बोट दाखवलं.

"हेच! बघ, अजून कसे पक्के आहेत!" काका छाती फुगवून म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते बाबांकडे वळले. "अरे, तू हे काढले नाहीस?"

"मी? मला काय माहीत! बोल्ट लावलेत, हे तू सांगितलंस कुठं?"

"आणि मला वाटलं, तू काढले असशील!"

ठिणगीच्या आईनं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "हे बोल्ट ठेवून मशीन चालवलंत? एक रुमाल टाकला असता, तरी नाचलं असतं!"

आत्यानं चौकट सोडली. सावकाश पुढे येऊन तिनं एका बोल्टला बोट लावलं.

"म्हणजे चादरी जास्त नव्हत्या," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मी तेव्हाच सांगत होते. तुम्ही दोघं समोर उभे होतात. एकानंही मागे वाकून पाहिलं नाही. आई रडत होती आणि मी... मला वाटलं, माझ्यामुळे रडतेय. इतकी वर्षं जेवताना हसलात माझ्यावर! मीही हसले तुमच्याबरोबर!"

आणि ती रडायलाच लागली. भिंगरीनं तिला घट्ट मिठी मारली. बाबांची मान खाली गेली होती.

"चुकलं आमचं," ते कसंबसं म्हणाले. "लहान होतीस म्हणून तुझ्यावर ढकलणं सोपं गेलं. फार वाईट वागलो."

"फारच," काका पुटपुटले. त्यांचा नेहमीचा दणदणीत आवाज पार गेला होता.

आत्यानं पदरानं डोळे पुसले. मग ठिणगीच्या हातातला पाना घेऊन तिनं दोन्ही भावांपुढे धरला. "काढा आता. तुम्हीच!"

दोघे मुकाट्यानं गुडघ्यांवर बसले. बोल्ट असे गंजले होते की काकांच्या कपाळावर घाम आला. व्यायामाच्या सायकलीनं कधी काढला नव्हता एवढा! अखेर तिन्ही बोल्ट निघाले. ठिणगीनं आत हात घालून धक्का दिला. पिंप मस्त डुललं!

मशीन सरळ केलं. घरातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी आत गेल्या. ठिणगीच्या आईनं प्लग लावला आणि सगळे आत्याकडे पाहू लागले. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि बटण फिरवलं.

टक्! सळसळ पाणी भरलं. काचेमागं चादरी गोल गोल फिरू लागल्या. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं आणि मग पिळायची वेळ आली. मशीन घरघरलं, वेग वाढला. बाबा मागे सरले, काका तर थेट दारात गेले. टिल्लू बादलीवर चढला.

आत्या मात्र जागची हलली नाही. तिनं तळहात मशीनच्या माथ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मशीन गुणगुणत राहिलं. फरशीवरून तसूभरही सरकलं नाही!

"हुर्रे!" टिल्लूनं बादलीवरून उडी मारली.

"शाब्बास पोरींनो! आणि टिल्लू, तुझीही कमाल हं!" ठिणगीची आई म्हणाली. "माझ्याही लक्षात आलं नाही, ते तुम्ही शोधलंत. सुट्टीभर यायचं दुकानात, तिघांनी!"

"आम्हाला जे सुचायला हवं होतं, ते तुम्हाला सुचलं," बाबा भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. काका बाहेर गेले आणि भंगारवाल्याला व्यायामाची सायकल देऊन आले!

चादरी दोरीवर गेल्या, तेव्हा आत्या खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. भिंगरी कान टवकारून दाराआड थांबली.

"नमस्कार बाई. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं, म्हणून आत्ताच केला फोन... नाही, नाही म्हणायला नाही! घेते मी तो विभाग. फक्त एक सांगायचं होतं. ती मशीनं भिंतीला चिकटवून लावू नका. मागं माणूस उभा राहील एवढी जागा ठेवायची... हो, मी उद्या लवकर येते. आधी सगळ्यांच्या पाठी तपासते, मग सुरू करू!"