शेजारी कुणी बसलं की

दिवा जरा पुढे ओढ, मला तुझं तोंड दिसू दे. हे सांगताना ऐकणारा हसतोय की काय, तेवढं मी पाहून घेते. आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. सगळं भर दुपारी, उन्हात झालं.

मी गाडी घेऊन काचवाल्याकडे गेले होते, एवढंच. पुढच्या काचेचं रबर कुरकुरत होतं. गाडी बाबांची. दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, माझ्याहून वयाने मोठी स्पोर्ट्स कार. बाबांनी तिला जेवढं पुसलं तेवढं आम्हा भावंडांना कधी कुरवाळलं नाही. शेजारच्या सीटचा पट्टा त्यांनी गाडी घेतल्या घेतल्या कापून टाकला होता, बक्कलसुद्धा उपटून फेकलं होतं. माझ्या शेजारी बसून ज्याला भीती वाटते त्याने बसूच नये, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचा पट्टा मात्र शाबूत ठेवला होता. शेजारच्या बाजूला अजून कापलेल्या पट्ट्याचा, दशा निघालेला बोटभर तुकडा लोंबतो.

मला त्यांनी ती एकदाच चालवायला दिली. मी कॉलेजात होते. घाटात पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे, तिथे मी गिअर जरा उशिरा बदलला, तर त्यांनी चालत्या गाडीत हँडब्रेक ओढला. "उतर. घरी चालत ये," म्हणाले. मी चालत आले. पुढे मी सासरी गेले, सासरहून परत आले, नोकरीत वर चढले, माझे केस पांढरे झाले. पण त्या किल्लीला त्यांनी मला पुन्हा हात लावू दिला नाही.

बाबा गेले आणि धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, गाडीला गिऱ्हाईक आलंय. देऊन टाकू."

"मला हवीय."

"तुला नाही झेपणार ती. बाबा काय म्हणायचे, आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हणूनच हवीय."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं असं, की रबर बदलून झालं की येणाऱ्या रविवारी मी एकटीने घाट चढून गाडी त्याच्या दारात उभी करायची. पोचले तर गाडी माझी, नाही तर गिऱ्हाइकाची.

काचवाला माझ्या जुन्या ओळखीचा. तोंडाने फाटका, हाताने बरा. आवाज ऐकायला म्हणून तो शेजारी बसला, आणि आवाज बंद. तो उतरला, मी एकटीने चक्कर मारली, की पुन्हा चालू. कुईं… कुईं…

"जुनी बॉडी आहे ताई, पिळवटते," तो म्हणाला. "रबर वाळून लाकूड झालंय, काच त्यात घासते. शेजारी वजन पडलं की फट मिटते. नवीन रबर मागवतो. तोवर कुणाला तरी शेजारी बसवून फिरा." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

रबर येईपर्यंत हात बसावा म्हणून मी दुपारी एकटीच घाटात जायला लागले. त्या कुरकुरीची मला सवय झाली, खरं तर सोबतच वाटायला लागली. एका दुपारी पाण्याच्या टाकीचं वळण आलं आणि आवाज थांबला. हळूहळू कमी नाही झाला. थांबला.

मी काचेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. शेजारी बघायला मान वळेना. मग निलगिरीच्या तेलाचा वास आला. शेवटच्या आजारपणात बाबा ते छातीला चोळायचे, सगळं घर त्या वासाने भरलेलं असायचं. शेजारी सीटचं चामडं करकरलं, जड माणूस मागे टेकतो तेव्हा करकरतं तसं… आणि माझ्या कोपराजवळ हँडब्रेक आपोआप वर यायला लागला. टक्… टक्… टक्…

मागची चाकं घसरली, गाडी अर्धी फिरली आणि कठड्याला नाक लावून उभी राहिली. कठड्यापलीकडे नुसती दरी. तेव्हा कुठे मी शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं. सीट मात्र खोल दबलेली होती, आणि ती माझ्यादेखत हळूहळू वर आली.

मी तिथेच बसून रडले. भीतीने कमी, संतापाने जास्त. एरवी म्हणाले असते, मी कुणाच्या बापाला भीत नाही. इथे तेवढीही सोय नव्हती.

काचवाल्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"विकून टाका ताई," एवढंच म्हणाला.

"रबर आलंय का?"

"आलंय, पण…"

"मग बसवा. आवाज थांबला की माझं सगळं लक्ष शेजारी जातं, आणि मला रस्त्याकडे बघायचंय. त्यांना यायचं तर येऊ देत. त्यांच्या येण्याची वर्दी मला नको."

तू ते काम पाहिलं नसशील म्हणून सांगते. रबराच्या खाचेत एक दोरी घालतात. एकाने बाहेरून तळव्यांनी काच दाबायची, दुसऱ्याने आत बसून दोरी ओढत जायचं, की रबराची कड पत्र्यावर चढत जाते. त्याचा माणूस जेवायला गेला होता, म्हणून आत मी बसले. माझ्या बाजूची कड लोण्यासारखी बसली. शेजारच्या सीटसमोर आले आणि दोरी अडली. मी ओढायची, कड चढायची, आणि सोडून मागे यायची.

काचेपलीकडे त्याचा चेहरा उतरला.

"ताई… तुम्ही काच ढकलताय का?"

"माझे दोन्ही हात दोरीला आहेत."

"मग आतून… कुणीतरी ढकलतंय."

निलगिरीचा वास इतका दाटला होता की डोळ्यांत पाणी आलं. कानाजवळ कुणाचा तरी जड श्वास चालला होता. मीही घाबरले होते, नाही म्हणत नाही. पण तो अडवण्याचा हट्ट माझ्या ओळखीचा होता आणि मला त्याचा जन्मभराचा वीट आला होता.

"हात काढू नका," मी म्हणाले. "तुम्ही दाबा, मी ओढते. दोघांपुढे एकट्याचं काय चालणार?"

त्याने हात काढले नाहीत, दाबत राहिला. त्याचे हे उपकार मी विसरणार नाही. मी डॅशबोर्डला पाय लावले आणि सगळं अंग मागे टाकून दोरी ओढली. तळहात सोलवटले. कड चढली, थांबली, पुन्हा चढली, आणि एकदम दोरी सुटून माझ्या मांडीवर आली. काच बसली होती. काचेवर आतल्या बाजूने एक तेलकट पंजा उमटला होता, माझ्या हातापेक्षा बराच मोठा. मी तो रुमालाने पुसला.

रविवारी निघाले. नव्या रबराने गाडी मुकी झाली होती. घाट लागला, पाण्याची टाकी दिसली. आवाजच नव्हता, तेव्हा थांबायलाही काही नव्हतं. आधी वास आला. मग कोपराजवळ… टक्.

मी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसरा हात हँडब्रेकवर ठेवून खाली दाबला. माझ्या हाताखाली बोटं होती. जाड, गार.

"बाबा," मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "गाडी मी चालवतेय. बसायचं असेल तर पट्टा लावून बसा. नाहीतर इथेच उतरा, आणि घरी चालत जा."

रागाच्या भरात बोलून गेले. त्या बाजूला पट्टाच नाही, हे लक्षातही आलं नाही.

बोटं निघाली. वळण संपलं, दुसरं सुरू झालं. आणि मग शेजारून आवाज आला. खट्ट.

मी पुढचा गिअर टाकला.

भाऊ फाटकातच उभा होता.

"आलीस?"

"आले."

"एकटी?"

"तुझ्याकडची गाडीची दुसरी किल्ली दे," मी म्हणाले. त्याने दिली.

तेव्हापासून गाडी माझी. निघताना मी पट्टा लावते, शेजारचं खट्ट ऐकते आणि मग गाडी सोडते. भीती वाटते का विचारशील, तर वाटते. पण विकणार नाही.

परवा मात्र… मी बसले, किल्ली फिरवली, आणि शेजारून आवाज आला नाही. आला तो माझ्याच कमरेजवळ. खट्ट. मी खाली पाहिलं. माझा पट्टा लागलेला होता. नेहमीपेक्षा घट्ट, श्वास पुरता घेता येऊ नये इतका. मी त्याला अजून हातही लावला नव्हता.

मी तो काढला. मग माझ्या हाताने लावला, आणि निघाले.